पायांची रात्रपाळी

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधी ज्याचं भाषण असतं त्याने थोडक्यात आटपावं, हा आपल्या मंडळाचा अलिखित नियम मला ठाऊक आहे. आतून मसालेभाताचा वास यायला लागलाच आहे, त्यामुळे मी वेळ पाळणार!

विषय ऐकून काहींना हसू येईल. गरोदरपणात रात्री पाय स्वस्थ बसू देत नाहीत, त्याबद्दल मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहिते. पण माझ्या दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यापासून हा प्रकार मी भोगला आणि इंजिनिअरच्या सवयीने त्याच्या मुळाशी जाऊन वाचलं. आजचा निधी ज्या कामासाठी आहे, त्याच्याशी ह्या पायांचा संबंध आहे. तो शेवटी सांगते.

आधी हे असतं काय? दिवसभर काही नसतं. रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाजवळ, काहीतरी वळवळायला लागतं. धड दुखतही नाही आणि चैनही पडत नाही. कोणी म्हणतं मुंग्या चालतात, कोणी म्हणतं शिरांमधून सोडा वॉटर वाहतंय. पाय हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा सुरू. शेवटी उठून घरभर फेऱ्या मारायच्या. पहाटे कुठे डोळा लागतो आणि सातला गजर होतो.

ह्याला इंग्रजीत रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. ओळखण्याच्या खुणा चार: पाय हलवावेसे वाटणं, स्वस्थ बसलं की त्रास वाढणं, हालचालीने उतार पडणं आणि संध्याकाळनंतर जोर होणं. पोटरीत गोळा येतो तो वेगळा. गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीवघेणी कळ येते. इथे स्नायू मऊच असतो.

हा आजकालचा शोध नाही. टॉमस विलिस ह्या इंग्रज डॉक्टरने 1672 साली ह्याचं वर्णन लिहून ठेवलंय. नाव मात्र मिळालं 1945 च्या सुमारास, कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम ह्या स्वीडिश डॉक्टरकडून. गरोदरपण आणि लोहाची कमतरता ह्यांच्याशी असलेलं ह्या पायांचं नातं त्याच्याही नजरेस आलं होतं. गरोदर बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे ह्या सभागृहातही कितीतरी जणी असतील. पण बोलतं कोण?

मी माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या वेळी मी रात्र रात्र ओसरीवर फेऱ्या मारायची." मी विचारलं, "मग कोणाला सांगितलं नाहीस?" तर म्हणे, "त्यात सांगायचं काय? पोटुशी बाईला असं व्हायचंच." इतक्या वर्षांनी मला हे पहिल्यांदा कळत होतं! हा त्रास घराण्यात चालत येतो, म्हणून आपापल्या आईला जरूर विचारा.

आता कारण. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालींवर ताबा ठेवणारं. ते तयार व्हायला लोह लागतं. रात्री डोपामिन आणि रक्तातलं लोह दोन्ही उतरतात, म्हणून ही रात्रपाळी! गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, बाळालाही लोह लागतं. सगळं मिळून नऊ महिन्यांत साधारण एक ग्रॅम लोह जास्तीचं खर्च होतं. हार्मोन्स आणि आनुवंशिकता ह्यांचाही वाटा आहे. पण त्या दोन्ही आपल्या हातात नाहीत, लोह आहे.

इथेच खरी गोम आहे. मी तपासणीच्या वेळी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "हिमोग्लोबिन ठीक आहे, हे नॉर्मल आहे." मंडळी, हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ. फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य. डबा भरलेला दिसतो आणि कोठी रिकामी असू शकते! मी फेरिटिनची तपासणी मागून घेतली. आकडा आला 11. ह्या त्रासात फेरिटिन 75 च्या खाली असेल तर लोह द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. गोळ्यांनी भागलं नाही आणि आकडा 30 च्या खाली राहिला, तर पहिल्या तीन महिन्यांनंतर शिरेतून लोह देण्याचाही विचार करतात. मला गोळ्या मिळाल्या. तीन-चार आठवड्यांत पाय पूर्ण नाही, पण बरेच शांत झाले. सलग चार तास झोप मिळाली, त्या सकाळी मी नवऱ्याला उठवून ती बातमी दिली. (त्यालाही आनंद झाला, कारण झोपेतल्या माझ्या लाथा तोच खात होता.)

आता कामाच्या गोष्टी पटापट सांगते.

गरोदरपणाच्या जीवनसत्त्वांच्या बाटलीवरचं लेबल वाचा. अमेरिकेत गरोदर बाईसाठी रोज 27 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. पण चघळायच्या गमी गोळ्यांमध्ये बहुधा लोह नसतंच!

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियम लोह शोषू देत नाहीत. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या आणि चहाला एक-दोन तास थांबा. हे आपल्या लोकांना सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. पण तपासणीशिवाय मनाने लोह सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

झोप येत नाही म्हणून दुकानातून झोपेची गोळी आणू नका. डायफेनहायड्रामिन किंवा डॉक्सिलामिन असलेल्या गोळ्यांनी हे पाय उलट जास्त चाळवतात. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनेही तसंच होतं. ह्यातलं काही डॉक्टरांनी दिलं असेल तर परस्पर बंद करू नका, त्यांना विचारा.

रात्री पोटऱ्यांना ताण द्या, कोमट पाण्यात पाय सोडा, तेल लावून चोळून घ्या. कोणाला थंड पट्टी बरी वाटते. दिवसा चालणं ठेवा, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. पाय वळवळत असताना शब्दकोडं किंवा विणकाम, असं डोकं गुंतवणारं काही केलं की त्रास कमी जाणवतो. लांबच्या विमानप्रवासात कडेची सीट घ्या. आणि रात्रभर जागून सकाळी गाडी चालवायची असेल, तर ती चावी नवऱ्याच्या हातात द्या.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. एकच पाय सुजला, दुखायला लागला, गरम किंवा लाल झाला, तर ती रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि रात्री तळहात-तळपायांना पुरळ नसताना खाज सुटली, तर तो यकृताचा त्रास असू शकतो. दक्षिण आशियाई बायकांमध्ये तो जास्त आढळतो आणि त्यात बाळाला धोका असतो. रक्तातल्या बाइल अ‍ॅसिडची तपासणी लगेच मागायची.

पायांच्या बाबतीत चांगली बातमी अशी, की बहुतेक जणींचा हा त्रास बाळंतपणानंतर थोड्या दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. पुढे परत आला तर पुन्हा फेरिटिन बघायचं.

आता निधीचा संबंध. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 52.2 टक्के गरोदर बायका अ‍ॅनिमिक आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! त्यांचा तर डबासुद्धा रिकामा आहे, कोठीचं विचारूच नका. 2018 पासूनच्या सरकारी 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' मोहिमेत गरोदर बाईला रोज 60 मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी सहा महिने द्यायची, असं ठरलेलं आहे. पण गोळी हातात पडणं आणि ती पोटात जाणं ह्यात अंतर असतं. मळमळ होते, शौच काळं होतं, बाई घाबरते आणि गोळी फडताळात राहते. ती का घ्यायची, हे कोणीतरी बसून समजावून सांगावं लागतं. दिवसभर शेतात राबून रात्री फेऱ्या मारणाऱ्या त्या बाईला कोणी विचारत नाही, "झोप लागते का गं?" अशक्तपणात बाळंतपणाच्या वेळी रक्त गेलं, तर ते जिवावर बेततं.

आज जमणारा पैसा गावातल्या गरोदर बायकांच्या रक्ततपासणीसाठी आणि घरोघरी जाऊन हे समजावणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी जाणार आहे. आपल्या आयांनी हे दुखणं अंगावर काढलं, कारण विचारायला कोणी नव्हतं. आपण विचारू या. घरातल्या गरोदर मुलीला, सुनेला, मैत्रिणीला आज रात्रीच विचारा आणि तिकडच्यांसाठी पाकिटात काहीतरी घाला. पेटी जेवणाच्या रांगेच्या तोंडाशीच ठेवली आहे, चुकणार नाही!