फुटीर कोण?
(खडेबाजारातील सभेत केलेले भाषण)



आम्हां सीमावासीयांना फुटीर म्हणणाऱ्यांनी राज्यघटना एकवार तरी उघडावी! हा संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, सबब कोणत्याही राज्यास त्यातून फुटण्याचा अधिकार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत सांगितले. ते आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु तिसरे कलम? राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार ते संसदेस देते. त्यासाठी संबंधित विधानसभेचे मत तेवढे विचारावयाचे. तिची संमती लागत नाही. १९५६ साली बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात घातली गेली, ती संसदेच्याच कायद्याने. त्याच कायद्याच्या वाटेने आम्ही महाराष्ट्रात जाऊ मागतो. देश तोच, संसद तीच. २००४ साली महाराष्ट्राने दावा गुदरला, तोही भारताच्याच सर्वोच्च न्यायालयात!