डेंग्यूच्या आडचा ल्युपस



पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ताप, अंगदुखी, पुरळ आणि उतरलेल्या प्लेटलेट घेऊन कुणी आलं, की पहिला संशय डेंग्यूचा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण डेंग्यूत आठ-दहा दिवसांत प्लेटलेट पुन्हा चढतात. त्या चढल्याच नाहीत, ताप रेंगाळला, सकाळी बोटांचे सांधे धरू लागले, तर ल्युपस आठवायला हवा.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. पुस्तकात गालांवर लालसर फुलपाखरू असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालपणा दिसतोच असं नाही; काळपट डाग दिसतो, आणि वांग समजून महिनोन्‌महिने मलमं चोळली जातात. सांधे दुखतात म्हणावं, तर ते कुणाचे दुखत नाहीत? संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा तिथे सांधेदुखी किती सर्रास आहे हे नोंदलं गेलंच. अशा गर्दीत ल्युपस सहज लपतो.

खरी पंचाईत छातीत पाणी होतं तेव्हा. आपल्याकडे याचा अर्थ क्षय, आणि औषधं सहा महिने. ल्युपसमध्येही फुप्फुसाच्या आवरणात असंच पाणी साठतं, पण त्याला स्टिरॉइड लागतं. क्षय असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर क्षय भडकतो. ल्युपस असताना थांबून राहिलं तर तेवढ्यात मूत्रपिंड जातं. शिवाय दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात. त्यामुळे डॉक्टर अडखळला, तर त्याला अडाणी म्हणायची घाई मी करणार नाही.

काहींत सुरुवातच भलतीकडून होते. एखाद्या तरुण मुलीला भास होऊ लागतात, आणि घरचे ‘बाहेरचं’ बघायला नेतात. कुणाला फीट येते, कुणाचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो.

रक्ताची एएनए नावाची तपासणी असते. ती निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी. पॉझिटिव्ह मात्र धडधाकट माणसांतही येते, म्हणून नुसत्या त्या कागदावर ल्युपसचा शिक्का मारू नये. पॅकेजमध्ये ती उगाच करून घेऊन रात्रभर इंटरनेट वाचत बसणारे पुणेकर कमी नाहीत!

माझा भर साध्या लघवीच्या तपासणीवर. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही. लघवीतून प्रथिनं मात्र जाऊ लागतात, कधी फेसही दिसतो. आणि डॉक्टरकडे जाताना जुने कागद सगळे न्या. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दोन वर्षांपूर्वीचा छातीचा एक्स-रे, गर्भपाताची नोंद, तोंड आलं तेव्हाची औषधं: हे सगळं एकाच टेबलावर आलं की संधिवाततज्ज्ञाचं निम्मं काम होतं.