मार्चअखेर आणि घरजमिनीचा मध्यस्थ

व्यापाऱ्याचे वर्ष कोठे संपते, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर अवलंबून असते. कोल्हापुरात तर एका वर्षाला तीन शेवट आहेत. दिवाळीत वहीपूजन होऊन पाडव्याला नवी वही उघडते, तो पेठेतल्या व्यापाऱ्याचा शेवट. डिसेंबर सरला की भिंतीवरचे कॅलेंडर बदलते, तो दुसरा. आणि ३१ मार्चला सरकारी हिशेब मिटतो, तो तिसरा. घरे, प्लॉट आणि जमिनी यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या माणसाला या तिन्ही शेवटांना तोंड द्यावे लागते. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती मार्चअखेरीसच.

याची कारणे इथल्या मातीतच आहेत. उसाचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि बहुधा मार्चपर्यंत आटोपतो. ऊस कारखान्यावर गेल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात हप्ते मागेपुढे होतात, ही गोष्ट निराळी. तथापि कागल, हातकणंगले, शिरोळ येथल्या शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे खेळतात ते याच सुमारास. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात एखादे घर असावे, हा विचार मग त्याच्या मनात बळावतो. नोकरदाराला कर्जाची मंजुरी हातची जाण्यापूर्वी व्यवहार उरकायचा असतो. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवाही मार्च-एप्रिलच्या आसपासच येतो. अशी चोहोंकडून माणसे येतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच असते: ‘एकतीस तारखेच्या आत दस्त झाला पाहिजे.’

मध्यस्थाची धांदल येथे सुरू होते. सकाळी राजारामपुरीत एक सदनिका दाखवायची, दुपारी उचगावला प्लॉट, संध्याकाळी कसबा बावड्यात विक्रेत्याच्या भावकीची समजूत घालायची, आणि मध्ये फोन अखंड वाजत राहायचा. रात्री तो घरी येतो तेव्हा दिवसभर पुष्कळ काम झाले, असे त्याला वाटते. वस्तुतः झालेली असते ती पायपीट. दहा गिऱ्हाइकांपैकी एकाचेही कागद पुढे सरकलेले नसतात. वर्षअखेरीस मध्यस्थाचा वेळ अपुरा पडतो, तो बव्हंशी एवढ्याचसाठी, की कोणते काम तारखेला बांधलेले आहे आणि कोणते नाही, याचा निवाडा त्याने केलेला नसतो.

ही तारीख इतकी धाक घालते तरी का? महाराष्ट्रात मालमत्तेच्या बाजारमूल्याचे दर शासन ठरवून देते. त्यांचे वार्षिक तक्ते पूर्वी १ जानेवारीपासून लागू होत. २०१६ पासून ते १ एप्रिलला लागू होऊ लागले. दर वाढले तर मुद्रांक शुल्क वाढेल, ही भीती मार्चमध्ये माणसांना पळवते. पण दर दरसाल वाढतातच, असे नाही. २०२३ आणि २०२४ च्या एप्रिलात ते होते तसेच ठेवण्यात आले. २०२५ च्या एप्रिलात वाढले.

समजा, एका सदनिकेचे सरकारी मूल्य ४० लाख रुपये आहे आणि दर शेकडा ४ ने वाढले. मूल्य १ लाख ६० हजारांनी वाढेल. शुल्क शेकडा ६ धरले, तर जादा भरणा होईल ९,६०० रुपयांचा. तोही केव्हा? ठरलेली किंमत सरकारी मूल्याहून अधिक नसेल तेव्हाच. कारण शुल्क आकारले जाते ते दोहोंतील जास्त रकमेवर. सौदाच ४५ लाखांचा असेल, तर या दरवाढीने खरेदीदाराचा एक पैसाही वाढत नाही. म्हणजे कित्येकदा ९,६०० रुपयांच्या, किंवा मुळीच नसलेल्या बचतीपायी माणसे ४० लाखांचा निर्णय चार दिवसांत उरकू पाहतात. हे गणित कागदावर मांडून गिऱ्हाइकापुढे ठेवण्यास मध्यस्थाला दहा मिनिटे लागतात. आणि त्या दहा मिनिटांत दहा दिवसांची धावपळ वाचू शकते.

कायद्याची दुसरीही एक सोय पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करता येतो. मूल्य धरले जाते ते सह्यांच्या दिवसाचे. तेव्हा ज्याचा व्यवहार सर्वार्थाने पक्का झाला आहे, त्याने मार्च संपण्यापूर्वी शुल्क भरून सह्या केल्या, तर दुय्यम निबंधकाच्या दारात ३१ तारखेलाच ताटकळण्याचे कारण उरत नाही. २०२० साली याचा अनुभव साऱ्या राज्याने घेतला. टाळेबंदीनंतर शासनाने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात शेकडा ३ ची सूट दिली. ती ३१ डिसेंबरला संपणार होती, आणि पुढचे तीन महिने शेकडा २ च मिळणार होती. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत नोंदणी कार्यालयांपुढे झुंबड उडाली. अखेर, डिसेंबरात शुल्क भरून सह्या केलेल्यांना पुढील चार महिन्यांत नोंदणी करता येईल, हे लोकांना मुद्दाम सांगावे लागले.

मात्र या सोयीचा आधार घेऊन कच्च्या कागदांवर सह्या घेणे, हा शुद्ध अविचार होय. म्हणूनच जाणता मध्यस्थ मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपल्या कामांचे तीन गठ्ठे करतो. पहिल्यात ज्यांचे कागद स्वच्छ, पैसा तयार आणि दोन्ही पक्ष राजी आहेत असे व्यवहार. दुसऱ्यात एखादाच कागद अडलेला: कोठे बँकेचे पत्र यायचे आहे, कोठे मिळकत पत्रिकेवर नाव चढायचे आहे. तिसऱ्यात वारसांचा वाद, मोजणीतला फरक, किंवा सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेली जमीन, जी सरकारी परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. सकाळचे ताजे तास पहिल्या गठ्ठ्याला, दुपार दुसऱ्याला. तिसरा गठ्ठा दोरीने बांधून एप्रिलसाठी ठेवायचा, आणि त्या गिऱ्हाइकांना तसे स्पष्ट सांगून मोकळे व्हायचे. ‘बघू, करू’ म्हणत महिनाभर झुलवत ठेवण्यापेक्षा एकदाच ‘या महिन्यात होणार नाही’ म्हणणे उभयपक्षी हिताचे. घरे दाखवण्याच्या फेऱ्याही एका दिवशी एकाच भागात ठेवाव्यात. उचगाव आणि बावडा एका दुपारी गाठू पाहणारा दोन्हीकडे उशिरा पोहोचतो.

कोल्हापूरच्या मध्यस्थाला आणखी एक गोष्ट मार्चमध्ये विसरून चालत नाही, ती म्हणजे पाणी. मार्चच्या उन्हात पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांखाली शांत पडलेली असते आणि जयंती नाला क्षुल्लक वाटतो. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही नदीची धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५० फुटांच्याही पुढे गेले आणि नाल्याच्या मागच्या फुगाऱ्याने भरवस्तीत शिरले. बाहेरगावच्या खरेदीदाराला हे ठाऊक नसते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेल्या असतात. प्लॉट त्यांच्या आत आहे की बाहेर, हे पाहण्यासाठी अर्धा दिवस मोडतो. घाईच्या महिन्यात पहिली काट बसते ती याच अर्ध्या दिवसावर. आणि ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घातली, ते पुढे पावसाळ्यात कॉटवर कॉट चढवून सामान वाचवत बसते.

येथेच मध्यस्थाच्या धंद्यातला खरा पेच उभा राहतो. त्याची दलाली बहुधा दस्त झाल्यावरच हाती पडते. वर्ष सरत आलेले, कचेरीचे भाडे थकलेले, आणि समोर तयार गिऱ्हाईक. फक्त एका बहिणीची सही राहिली आहे, आणि ‘ती काही बोलणार नाही’ अशी ग्वाही विक्रेता देतो आहे. अशा वेळी थांबा म्हणणारा मध्यस्थ ते गिऱ्हाईक गमावतो. ते शेजारच्या मध्यस्थाकडे जाते, व्यवहार तेथे होतो, दलालीही तेथेच जाते. हा तोटा खरा आहे आणि तो गोड शब्दांनी भरून येत नाही. परंतु हक्काच्या वाट्याला मुकलेली बहीण न्यायालयात गेली, म्हणजे नोटीस खरेदीदाराच्या दारी येते; आणि घर कोणी दाखवले होते, हे तो विसरत नाही. या शहरात माणसे गल्लीने, तालमीने आणि पाहुण्यारावळ्यांनी एकमेकांस बांधलेली आहेत. येथे नाव जायला एक व्यवहार पुरतो.

कायद्यानेही आता या धंद्याला शिस्त लावली आहे. स्थावर संपदेसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याखाली, नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या मध्यस्थाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते आणि हिशेब व कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. ज्याची दप्तरे वर्षभर रोजच्या रोज लिहिली जातात, त्याला मार्चअखेर जड जात नाही. ज्याने ती साठवून ठेवली, त्याला गिऱ्हाईक आणि हिशेब ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात.

म्हणून मार्चची तयारी डिसेंबरातच करणे इष्ट. थंडीच्या दिवसांत गिऱ्हाइकी थोडी सैल असते, तेव्हा जुने उतारे काढून, वारसांची नावे ताडून, वकिलाकडून शोध अहवाल मागवून ठेवावेत. मग मार्चमध्ये उरते ते केवळ सह्या आणि शुल्क यांचे काम. एवढे करून ३१ तारखेच्या संध्याकाळी मध्यस्थ दिवेलागणीला घरी पोहोचला, तर त्याचे वर्ष चांगले गेले म्हणावे. कपाटात तिसरा गठ्ठा दोरी बांधलेला तसाच असेल. पण त्यातल्या एकाही कुटुंबाचा पैसा अजून अडकलेला नसेल.