दिव्याने खरे सांगावे



शाळेच्या हीरक महोत्सवात शाळेने काय दिले ते सांगावे, अशी मला आज्ञा झाली आहे. बेंगळुरूत माझ्या हातून झालेल्या एका चुकीच्या आधारे ते सांगतो.

गेल्या वर्षी मी फावल्या वेळात एक कळफलक बनवला. कळा, डायोड, तारा तेथील एस. पी. रोडवरच्या दुकानांतून आणल्या. कळफलकातही एक चिमुकला संगणक असतो. त्याची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, मी 'क्यूएमके' या मुक्त प्रकल्पाच्या आधाराने सी भाषेत लिहिली.

मी मराठी इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली ही मांडणी. यूएसबी कळफलकाच्या मानकात पाच दिव्यांची तरतूद आहे. त्यांतला 'काना' हा दिवा जपानी लिपीसाठी आहे. देवनागरीसाठी एकही नाही. तो आपण लावावा, असे मनाने घेतले.

भाषा बदलण्याची कळ दाबली की दिवा लागावा, पुन्हा दाबली की विझावा, एवढेच मी लिहिले. एके रात्री आईला पत्र लिहीत होतो. दिवा तेवत होता. मान वर केली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग! मघाशी मी माऊसने भाषा बदलली होती. कळफलकाला त्याचा पत्ताच नव्हता.

मग 'कॅप्स लॉक'चा दिवा कसा लागतो, ते पाहिले. कळ दाबल्याचे कळफलक संगणकाला कळवतो. संगणक आपली स्थिती बदलतो आणि उलट निरोप धाडतो. त्यानंतरच दिवा लागतो. मीही संगणकावर एक छोटी आज्ञावली बसवली. भाषा कोणत्याही मार्गाने बदलो, ती कळफलकाला निरोप देते आणि त्याप्रमाणेच दिवा लागतो वा विझतो.

तेव्हा मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. उदाहरण सोडवून झाले की त्या विचारत, "समजले?" आम्ही एका सुरात "हो" म्हणत असू. त्या होकारावर न विसंबता त्या कुणाला तरी फळ्याशी बोलावत. शिकवून झाले म्हणजे पोहोचले, असे त्यांनी कधी मानले नाही. आणि प्रश्न आपल्या भाषेत असल्यामुळे "बाई, नाही समजले" असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होते.

पालकहो, ते धैर्य मला आजही कामी येते.