मूत्रपिंडाची चिंचोळी रोहिणी



दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागात कोणाच्याही ओसरीवर बसा आणि मूत्रपिंडाचा विषय काढा. लगेच कोणीतरी म्हणेल, "आमच्या इकडचं पाणीच खारं, त्याले काय करता?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरींच्या पाण्यात क्षार फार, आणि मूत्रपिंडाच्या रोगाची तक्रारही इथे जुनी. गोड्या पाण्याची मागणी लावून धरलीच पाहिजे. पण मूत्रपिंड बिघडले की सारा दोष पाण्यावर टाकून मोकळे व्हायची आपल्याला सवय लागली आहे, आणि तिच्यापायी वेळेवर सावरता येणारे काही रोग नजरेआड होतात. त्यांपैकी एकाविषयी आज बोलायचे आहे. मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी रोहिणी, जिला शाळेच्या पुस्तकात धमनी म्हणतात, ती अरुंद होते, तो हा रोग.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. रक्त गाळणे हे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण रक्ताचा दाब पुरेसा आहे की नाही, यावर पहारा ठेवण्याचे कामही त्यांचेच, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता एक पाट डोळ्यांपुढे आणा. पाटाच्या टोकाला एकाचे वावर आहे. पाट भरून वाहतो आहे, पण याच्या वावरात जाणाऱ्या चारीत गाळ साचला आहे. याला वाटते, धरणातूनच पाणी कमी सुटले. तो ओरड करतो. वरचा माणूस दार आणखी उघडतो. पाट फुगतो, इतरांची वावरे चिबडतात, कुठे बांध फुटतो, आणि याची चारी मात्र होती तशीच. मूत्रपिंडाचे अगदी असेच होते. रोहिणी चिंचोळी झाली की पलीकडे दाब कमी पडतो. मूत्रपिंडाला वाटते, सगळ्या शरीरातच रक्त कमी झाले. ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि रक्तदाब चढत जातो. त्याचा मार हृदयाला, मेंदूला आणि दुसऱ्या चांगल्या मूत्रपिंडालाही बसतो.

हे कळायला पुष्कळ वर्षे लागली. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. त्याचा रक्तदाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. १९३४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर चांदीचा चिमटा बसवून ती आवळली, आणि त्याचा रक्तदाब चढला तो चढलाच. चार वर्षांनी एका लहान मुलाचे बिघडलेले मूत्रपिंड काढताच त्याचा रक्तदाब उतरला. मग काय विचारता! रक्तदाबाच्या रोग्याचे एक मूत्रपिंड लहान दिसले की काढून टाक, असा सपाटा सुरू झाला. १९५६ साली होमर स्मिथ यांनी अशा रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हा जेमतेम चौथ्या हिश्शाला गुण आल्याचे दिसले. बाकीच्यांचे मूत्रपिंड गेले आणि रक्तदाब राहिला. यातला धडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

रोहिणी अरुंद होते कशाने? उतारवयात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात, चरबीचा थर साचून. पण आपल्या देशात तरुणांमध्ये वेगळे कारण पुष्कळदा सापडते. मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींना सूज येते, भिंती जाड होतात आणि आतली वाट बुजत जाते. जपानचे नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली अशा एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील बदल सांगितले. म्हणून याला ताकायासूचा रोग म्हणतात. या रोगावर मोलाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, डॉ. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात पोटातील मोठी रोहिणी अरुंद होण्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि १९७३ साली अशा १०१ रोग्यांच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला.

हा रोग मुली आणि तरुण स्त्रियांमध्ये जास्त. आधी बारीक ताप, अशक्तपणा, वजन घटणे. पुढे निंदण करताना किंवा कापूस वेचताना एक हात लवकर भरून येतो. चक्कर येते, डोके दुखते. एका हाताची नाडी नीट लागत नाही. घरचे म्हणतात, पोरीला बाहेरचं काही झालं. आणि इथे एक मोठी फसगत होते. ज्या हाताची रोहिणी अरुंद झाली, त्याच हातावर पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर तो कमी दिसतो, आणि आत मात्र दाब भलताच चढलेला असतो. म्हणून तरुण माणसाचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजावा, शंका आल्यास पायावरही. डॉक्टर पोटावर नळी लावून फुस्कारल्यासारखा आवाज येतो का, हेही ऐकतात. मग रक्तातील क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, सोनोग्राफीने दोन्ही मूत्रपिंडांची मापे आणि डॉप्लरने रक्ताची धाव पाहतात. त्यातून संशय पक्का झाला, तरच पुढची छायाचित्रे.

आता उपचाराचे पाहू. १९७८ साली झुरिचचे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन, तिच्या टोकावरचा फुगा फुगवून मूत्रपिंडाची अरुंद वाट रुंद केली. पुढे तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले. चारीतला गाळ काढला की पाणी वाहणारच, असे सगळ्यांना वाटले. पण वाटणे वेगळे आणि पारखणे वेगळे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नवे खत पारखताना काय करतात? सारख्या जमिनीचे तुकडे पाडून कोणाला खत द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात, आणि शेवटी उतारा मोजतात. माणसांच्या बाबतीतही तसेच केले. एका गटाला औषधे आणि स्टेंट, दुसऱ्याला नुसती औषधे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ८०६ रोग्यांचा निष्कर्ष २००९ साली आला. अमेरिकेतून चालवलेल्या, ९४७ रोगी घेतलेल्या दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली छापला गेला. या दुसऱ्या चाचणीत मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे अशा आपत्ती स्टेंटवाल्यांपैकी शेकडा ३५ जणांवर आल्या, आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी शेकडा ३६ जणांवर. म्हणजे फरक असा काही नाहीच!

असे का व्हावे? चारी मोकळी केली, पण तोवर वावरच खारावून गेले असेल तर पीक कोठून येणार? वर्षानुवर्षे दाबाचा मार खाऊन मूत्रपिंडातील बारीक वाहिन्याच झिजलेल्या असतात. म्हणून उतारवयातील बहुतेक रोग्यांना रक्तदाबाची आणि चरबीची औषधे, साखरेवर ताबा आणि विडी-तंबाखू बंद, हाच मुख्य उपचार. ज्यांचा रक्तदाब तीन-तीन औषधांनीही उतरत नाही, छातीत वारंवार पाणी भरते किंवा मूत्रपिंड झपाट्याने बिघडते, अशा निवडक लोकांसाठी फुगा किंवा स्टेंट यांचा विचार तज्ज्ञ करतात. तरुणांची गोष्ट निराळी. ताकायासूच्या रोगात आधी औषधांनी सूज शमवतात, आणि मग गरज पडल्यास वाट रुंद करतात. तिथे गुण येण्याची आशाही अधिक.

औषधांबद्दल एक इशारा. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या १९८१ सालापासून वापरात आल्या. पहिलीचा शोध ब्राझीलच्या एका सापाच्या विषावरून लागला. गोळ्या फार गुणाच्या. पण दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अरुंद असतील, तर त्यांनीच मूत्रपिंडाचे काम मंदावू शकते. म्हणून अशी गोळी सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन तपासून घ्या. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून आपली गोळी मनानं बंदही करू नका. अंग दुखलं की दुकानातून आणून वेदनाशामक गिळणे, हेही मूत्रपिंडाला जड जाते.

गुरुजनांना आणि बाईंना एक विनंती. शाळेत आरोग्य तपासणी होते, तेव्हा वारंवार डोके दुखणाऱ्या, धाप लागणाऱ्या, हात लवकर थकणाऱ्या मुलामुलींचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजायला आग्रहाने सांगा. एखाद्या विद्यार्थिनीची एका मनगटाची नाडी लागत नसेल, तर तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून नीट समजावून सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात जाता येते.

आणि घरातल्या कर्त्या माणसांनो, चाळिशी ओलांडली असेल तर दर वर्षी एकदा रक्तदाब मोजून घ्या. तिशीच्या आतच कोणाचा रक्तदाब चढलेला निघाला, तर "आमच्या इकडचं पाणीच खारं" एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, मूत्रपिंडाची रोहिणी तर अरुंद नाही ना? तेवढं पाहून घ्या."