यंत्राशीं संभाषण

संभाषण म्हणजे केवळ शब्दांची देवघेव नव्हे, हें आपल्या जुन्या शास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें. पानावर बसलेल्या मनुष्यानें ‘सैंधव आण’ म्हटलें तर मीठ आणावयाचें, प्रवासास निघालेल्यानें म्हटलें तर घोडा. शब्द एकच, तात्पर्य निराळें. संगणकास बोलावयास शिकविणाऱ्यांपुढें गेलीं ६० वर्षें हाच प्रश्न उभा आहे.

१९६६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनीं ‘एलायझा’ नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मनोवैद्याचें सोंग घेई. कोणी आपल्या आईविषयीं लिहिलें, कीं ‘कुटुंबाविषयीं आणखी सांगा’ अशा धर्तीचें उत्तर येई. ठराविक शब्द हेरावा, ‘माझें’ याचें ‘तुमचें’ करावें व वाक्य परत फिरवावें, एवढीच तिची विद्या! तथापि ती घडतांना महिनोन्महिने पाहणाऱ्या सचिवबाईनेंच तिच्याशीं संवाद करतांना वायझेनबाउम यांस खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. अशा भाबड्या विश्वासानें ते अस्वस्थ झाले व १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्याविरुद्ध इशारा दिला.

मग खरें आकलन तें कोणतें? ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनीं १९५५ सालीं हार्वर्ड येथें दिलेल्या व्याख्यानांतून दाखविलें होतें कीं, बोलणें हेंही एक कर्मच आहे. वचन देणें, आज्ञा करणें, विनंती करणें, हीं सारीं शब्दांनीं घडणारीं कृत्यें होत. या विचाराच्या आधारें १९८० सालीं जेम्स ॲलन व रेमंड पेरो यांनीं रेल्वेस्थानकाच्या चौकशीखिडकीवरील संवादाचें विवेचन केलें. उतारू विचारतो, माँट्रियलची गाडी केव्हां सुटते? कारकून वेळ सांगतो, आणि गाडी कोठून सुटते तेंही सांगतो. ठिकाण तर कोणीं विचारलेंच नव्हतें! परंतु उतारूस गाडी गांठावयाची आहे हें ओळखून कारकून त्याची पुढची अडचण आधींच दूर करतो. यंत्रानेंही प्रश्नामागील बेत असाच ओळखावा, अशी या विद्वानांची योजना होती.

आजचीं यंत्रें अफाट लेखनसंग्रहावरून पुढील शब्दाचें अनुमान करावयास शिकलेलीं आहेत. त्यांचें बोलणें एलायझेहून कितीतरी सफाईदार असतें, आणि न विचारलेलें ठिकाणही तीं पुष्कळदां सांगतात. परंतु तें न पडताळतां कोणी विश्वासानें धांवत सुटला व उत्तर चुकीचें निघालें, तर गाडी चुकते ती उतारूची. यंत्राला कोठेंच जावयाचें नसतें.