दवाखान्याचा नकाशा आणि आपण

(महिला कार्यकर्त्यांच्या जिल्हा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आरोग्याचा विषय निघाला की आपण डॉक्टर, औषधे, फी आणि वागणूक यांविषयी बोलतो. इमारतीविषयी सहसा बोलत नाही. भिंती, खिडक्या, जिने हा इंजिनिअरचा नाहीतर बिल्डरचा विषय, असे आपण धरून चालतो. आज मला त्याच विषयावर बोलायचे आहे. दवाखान्यात बाळंतीण येते ती बाई. रुग्णाच्या उशाशी रात्र काढते ती आई, सून नाहीतर बहीण. नर्स, आया, सफाई कामगार, गरोदर बाईला घेऊन आलेली आशा, या बहुतेक बायकाच. पण दवाखान्याचा नकाशा काढताना यांपैकी एकीलाही कोणी विचारत नाही.

याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. ६ नोव्हेंबर २०२१, दिवाळीतला शनिवार. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. आत १७ रुग्ण होते. किमान ११ जण दगावले. विभाग कोविडसाठी नव्याने उभारलेला होता. फायर ऑडिट झाले होते, पण त्यात सुचवलेली यंत्रणा पूर्ण बसवलेली नव्हती, हे नंतर बाहेर आले.

पुढे काय झाले ते लक्षात ठेवा. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींना निलंबित केले गेले. पण तीन दिवसांनी पहिली अटक झाली ती चार जणींना: एक डॉक्टर आणि तीन नर्स. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली होती, तिथेही दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला. ड्यूटीवर कोणी हलगर्जीपणा केला असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण वायरिंग नर्सने केले नव्हते. पाण्याचे फवारे बसवायचे की नाही हे तिने ठरवले नव्हते. दुसरा दरवाजा कुठे काढायचा, हे तिला कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या सहीने इमारत उभी राहते ते कागदामागे राहतात आणि जी आत उभी असते तिच्या हातात बेड्या पडतात. परिचारिका संघटनांनी याला विरोध केला, तो आपलाही प्रश्न आहे.

आता खाजगीकडे पाहू. तालुक्याच्या गावीसुद्धा आज दवाखाना म्हणजे चार मजली इमारत, खाली मेडिकल, वर लॅब, समोर काचेची भिंत. जागेचा भाव, कर्जाचा हप्ता, लिफ्ट, जनरेटर हे सगळे शेवटी बिलात उतरते. खाट रिकामी राहिली की मालकाला नुकसान. मग ती भरण्याची घाई सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. याला कारणे अनेक आहेत. पण इमारतीवर गुंतवलेला पैसा कुठून तरी वसूल करायचा असतो, हेही त्यातले एक कारण आहे असे माझे मत आहे.

आणि ही काचेची भिंत कोणासाठी? फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईने १८५९ मध्ये दवाखान्यांच्या बांधणीवर पुस्तक लिहिले. वॉर्डला समोरासमोर खिडक्या हव्यात, दोन खाटांत पुरेसे अंतर हवे, नर्सला सगळे रुग्ण दिसायला हवेत, हे तिने युद्धातल्या इस्पितळांतले मृत्यू पाहून मांडले. नैसर्गिक वायुविजन असलेल्या वॉर्डात रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितले. आपल्याकडच्या उन्हात बंद काचेची इमारत म्हणजे एसी आलाच. लाइट गेली, जनरेटर बसला, की ती भट्टीच. बंद खोलीतली हवा काय करते ते कोविडने सगळ्यांना शिकवले, तरी फॅशन काही बदलत नाही.

सरकारी बाजूलाही सगळे आलबेल नाही. नियमाने ३० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २० हजारांना एक. पण अकोले तालुक्यातल्या बाईला जिल्हा रुग्णालय गाठायला शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. तिच्यासाठी जवळची छोटी, रात्री उघडी असलेली, पाणी आणि चालू संडास असलेली इमारत नगरच्या दहा मजल्यांपेक्षा मोलाची आहे. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात २०१७ पासून बाळंतपणाच्या खोलीला आडोसा, जवळ संडास आणि सोबतीला घरची बाई, हे सगळे सांगितलेले आहे. कागदावर आहे. ते जागेवर आहे का, हे आपण बघायचे.

मोठ्या इमारतीशिवाय काय होते, हेही याच जिल्ह्याने दाखवले. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाब, कुष्ठरोग हे सारे त्यांनी गावात हाताळले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हॉस्पिटल नको असे त्यांचे म्हणणे नव्हते, त्यांनी तेही चालवले. पण आधी माणूस, मग भिंत, हा त्यांचा क्रम होता.

मग आपण काय करायचे? गावी गेल्यावर प्रत्येक गटाने जवळच्या दवाखान्यात एक फेरी मारायची. सोबत वही घ्यायची. बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का? त्याला कुलूप आहे का? बाळंतिणीच्या खोलीला पडदा आहे का? संडास किती पावलांवर आहे, त्याला कडी आणि पाणी आहे का? सोबतच्या बाईला बसायला, नर्सला रात्री पाठ टेकायला जागा आहे का?

पुढची पायरी कागदाची. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते माहितीच्या अधिकारात मागा. खाजगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. भिंतीवर नसेल तर लेखी तक्रार करा. रुग्ण कल्याण समितीत बाई सदस्य आहे का आणि ती बोलते का, ते विचारा. नवीन इमारतीचा प्रस्ताव आला की नकाशा ग्रामसभेत मांडायला लावा, आणि नर्सेसना त्या बैठकीला बोलवा. त्यांच्याइतकी इमारत कोणालाच माहीत नसते.

नकाशा वाचणे अवघड नाही. आपण रोज घराचा, विहिरीचा, शेतातल्या वाटेचा नकाशा डोक्यात धरून चालतोच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली वही आणावी. जिल्ह्यातल्या सगळ्या नोंदी एकत्र करू आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे मिळून जाऊ.